ब्रॉलियोने मिसळलेलं

आताकामाच्या उंच पठारावर, विरळ हवेत, कोणालाही धाप लागते. पण आज यसेनियाला नाकात प्राणवायूची नळी असूनही श्वास पुरत नव्हता. आज कुलूप उघडायचं होतं.

दुर्बिणवाल्यांची एक रीत आहे. विश्वाच्या पहिल्या क्षणाची खूण शोधताना माणसाच्या डोळ्यांना हवं तेच दिसतं. म्हणून गटातला एक जण मोजमापांत गुपचूप खोटी खूण मिसळतो, किंवा मिसळतच नाही, आणि काय केलं ते कुलूपबंद ठेवतो. सगळी तपासणी झाली की कुलूप उघडून खोटं वजा करायचं. या खेपेला ते काम यसेनियाच्या नवऱ्याकडे, ब्रॉलियोकडे होतं.

"काय घातलंस रे?" तिने विचारलं होतं.

"बघताक्षणी ओळखशील," डोळा मारून तो म्हणाला आणि खाली निघाला. वळणावर त्याची गाडी उलटली.

तो गेल्यावर आकाशाच्या नकाशात एक पिळदार खूण उमटली. यसेनियाने लगेच ओळखली. इतका आगाऊपणा त्याच्याशिवाय कोण करणार! वर्षभर ती पडद्यासमोर बसून त्या खुणेशी बोलली, भांडली. कोणाला सांगायची सोय नव्हती, वेडी म्हणाले असते. आज वजाबाकीत ती खूण पुसली जाणार होती, पण निदान ती त्याचीच होती हे तरी ठरणार होतं. तिला तेवढंच हवं होतं.

"आज जगभर डंका, नाहीतर हातात ठेंगा!" गटप्रमुख ओसवाल्दो हात चोळत म्हणाला. "पोरी, तूच उघड."

तिने कळ दाबली. पडद्यावर शून्य आलं. ब्रॉलियोने काहीच मिसळलं नव्हतं.

ओसवाल्दो या वयात टेबलावर चढला. "खरी आहे! अरे, आकाशातलीच आहे ती! खुशाल पडताळू दे आता जगाला!" सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. यसेनिया हुंदके देऊन रडू लागली.

"रड, पोरी. आनंदाचं रडू अडवू नये," ओसवाल्दो म्हणाला. "आज ब्रॉलियो हवा होता गं."

संध्याकाळी उतरताना वळणावर, अपघाताच्या जागी बांधलेल्या ब्रॉलियोच्या देवळीपाशी ड्रायव्हरने तिकडच्या रिवाजाप्रमाणे गेलेल्यासाठी हॉर्न वाजवला. यसेनियाने गाडी थांबवली आणि तहानलेल्या जिवासाठी पाण्याची बाटली देवळीत ठेवली.

"लबाडा," ती म्हणाली, "मग वर्षभर मी कोणाशी बोलत होते?"

वर चांदण्या उगवायला लागल्या होत्या. मान वर करून बघायची तिची छाती झाली नाही.