तापातून उठलेला

नळीमागच्या कागदावरच्या काळ्या रेघा हळूहळू दिसेनाशा झाल्या. रक्ताचा थेंब द्रावणात मिसळला की एकतर ते नितळ राहतं, नाहीतर असं गढुळतं – आणि गढुळलं की रक्तात सिकलसेलचा आनुवंशिक दोष आहे. आईबापांपैकी एकाकडून आला की दोघांकडून, हे पुढच्या तपासणीत कळायचं. तृप्ती मेश्रामनं नळी पुन्हा उजेडाकडे धरली. गढूळच. फॉर्मवर नाव होतं – कुंताबाई रामटेके, बपेरा.

बपेरा मला नको, असं ती संशोधनाच्या बैठकीत म्हणू शकली असती. म्हणाली नाही. प्रफुल्ल रामटेकेचं गाव निदान एकदा पाहावं... फक्त गाव.

शाळेच्या पडवीत समोर बसलेली ही बारीक, ताठ पाठीची म्हातारी त्याची आई; तिचं नाव त्यानंच कधीतरी सांगितलं होतं. तृप्तीला ती ओळखत नव्हती. फॉर्मवर पुढचा प्रश्न होता : किती लेकरं झाली, किती लहानपणीच गेली, कशानं?

"तीन झाले, बाई. दोघं एकाच पावसाळ्यात गेले. थंडी वाजून ताप याचा. पफुल्लालेही तोच ताप होता, चार वर्साचा होता. थो मात्र चौथ्या दिवशी उठून बसला अन् पेज मागतली. माही सासू मरेपर्यंत म्हणे, हिनं एकालेच जपलं, बाकीच्यायले सोडलं. मी तिघायलेही सारखंच पाजलं होतं, बाई. मंग थोच काहून राहिला?"

या प्रश्नाचं उत्तर तर तृप्ती गावोगाव शोधत फिरत होती. जिथं पिढ्यान्पिढ्या हिवताप होता तिथंच हा आजार मुरला. दोष एकाच बाजूनं मिळालेली लेकरं हिवतापातून जास्त वाचली, मोठी झाली, आणि त्यांच्या लेकरांतून दोष पुढं चालत आला. दोन्ही बाजूंनी मिळाला की मात्र तिचा मोठा भाऊ, विनोददादा – एकोणिसाव्या वर्षी, सांधे आवळून, 'आई, मले धरू नको, दुखते' म्हणत... आईनं हात मागं घेतला होता. त्यानंतर दोनच वर्षांनी भंडाऱ्याच्या कॉलेजबाहेर प्रफुल्लनं स्वतःचा रिपोर्ट तिच्या हातात दिला, आणि तिच्यासारखाच एका बाजूचा दोष त्यातही होता. आता पोटातच तपासता येतं, तो म्हणाला. लेकरूच नको, असंही म्हणाला. ती एकच वाक्य बोलली – जमणार नाही – आणि बसमध्ये चढली. तो खिडकीखाली उभा होता. तिनं पाहिलं नाही... पाहिलं. पाहिलं होतं.

"एका लेकराबद्दल खात्रीनं सांगता येत नाही, आजी," ती सावकाश म्हणाली. "पण तुमच्या रक्तात जे आहे ते त्याच्यातही असेल, तर त्यानंच त्याला वाचवलं असेल. कदाचित. तुमच्या पाजण्या-जपण्याचा काही संबंध नाही."

"आहे त्याच्यात. त्याचा रिपोट आहे ना." म्हातारीनं पदर तोंडाशी नेला, मग खाली सोडला. "म्हंजे मी काही केलं नाई."

"नाही, आजी. तुम्ही काही केलं नाही."

"रिपोटामुळंच त्याचं एक लगन राहिलं, बाई. कोणी पोरगी होती म्हणे, भंडाऱ्याची. मी म्हटलं, रक्त जुळलं नसन. थो म्हणे, माय, लयच जुळलं." ती हसली. "आता साकोलीले असते, शाळेवर. बायको चांगली आहे, तिचं रक्त साफ आहे. गुड्डी आहे एक, बापावानी बोलते. तुमचं लगन झालं का, बाई?"

"नाही."

"काहून?"

तृप्तीनं फॉर्म उलटला. मागची बाजू कोरी होती. "राहून गेलं, आजी."

परतताना जीप वैनगंगेच्या काठानं तुमसरकडे निघाली. शेजारी मदतनीस प्रतीक्षा नळ्यांची पेटी मांडीवर घेऊन बसली होती. "मॅडम, बरं नाही वाटून राहिलं का?" तिनं विचारलं. तृप्तीनं मान हलवली. नाही म्हणून की हो म्हणून, तिचं तिलाच कळलं नाही. अकरा वर्षं तिच्याजवळ एक राग होता, कामाला येणारा. त्या दोषाचा, जो दादाला घेऊन गेला आणि मग प्रफुल्ललाही. त्या रागावर ती शिकली, गावं पालथी घातली, एकटी जेवली, एकटी निजली. आता तो राग धरू पाहावा, तर चार वर्षांचं एक पोर आड येत होतं – हा दोष नसता तर त्या पावसाळ्यात तेही गेलं असतं. आणि भंडाऱ्याच्या कॉलेजात तिला कुणी भेटलंच नसतं, सोडायलासुद्धा कुणी नसतं... कदाचित. शास्त्र एवढंच म्हणू देतं. पण राग सापडेना, आणि त्याच्याखाली इतकी वर्षं दबून असलेलं ते दुसरं – तो हवा होता, अजूनही हवा आहे – आता उघडं पडलं होतं, आणि त्याला झाकायला तिच्याजवळ काहीही उरलं नव्हतं.