गल्लीपलीकडे गेलेलं ऊन

मी एक जुना आरसा आहे, मित्रांनो. एका कोपऱ्याचा टवका उडालेला, पाठीचा मुलामा ठिकठिकाणी सुटलेला. माझी उमेदीची वर्षं एका शिंप्याच्या दुकानात गेली. नवे कपडे घालून लोक समोर उभे राहत, मान वळवून पाठ बघत आणि स्वतःवरच खूश होत. कौतुक त्यांचं व्हायचं, ऐट मात्र मी करायचो.

टवका उडाल्यावर शिंप्याने मला घरी नेलं. पाय लुळे पडल्याने त्याची बायको अंथरुणाला खिळली होती. खोली अंधारी. अरुंद गल्लीतलं दुपारचं ऊन खिडकीच्या कट्ट्यावर जरा टेकायचं, पण आत काही यायचं नाही. शिंप्याने मला कट्ट्यावर तिरकं ठेवलं आणि ऊन थेट तिच्या अंथरुणावर उतरलं. तिने ते आधी ओंजळीत धरलं. मग उशाखालचं पवित्र शास्त्र काढून ती मोठ्याने वाचू लागली. रोजचं ते ऊन म्हणजेच तिची प्रार्थनेची वेळ झाली.

समोरच्या खिडकीत एक कुलूपवाला राहायचा. बायको गेल्यापासून त्याने चर्चच्या मंडळीत येणं सोडलं होतं. जगाची कुलपं उघडतो आणि स्वतःच्या तोंडाला कुलूप घालून बसतो, असं म्हणून लोक हसत. शिंप्याची बायको हसत नसे. एके दुपारी ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, आरसा जरा तिकडे वळवा."

"अगं, ऊन घटकाभरच असतं. मग तू वाचणार कशी?"

"वाचलं की पुष्कळ. आता त्यातलं थोडं करू या."

शिंप्याने मला वळवलं. ऊन गल्ली ओलांडून कुलूपवाल्याच्या भिंतीवर, त्याच्या बायकोच्या फोटोवर पडलं. त्याने धाडकन खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवशीही तेच. हे पालथ्या घड्यावर पाणी आहे, असं शिंपी कुरकुरला. तरी ती रोज मला तिकडेच वळवायला लावायची आणि स्वतः अंधारात डोळे मिटून पडून राहायची.

मग एकदा खिडकी लागली नाही. कुलूपवाला बराच वेळ फोटोकडे बघत राहिला. शेवटी त्याने विचारलं, "वहिनी, तुमचं वाचन थांबलं का? आवाज येत नाही."

तिने खरं ते सांगितलं. मग पेटीतून बायकोचं शास्त्र काढून त्याने उन्हात धरलं आणि तिला ऐकू जाईल असं, अडखळत, वाचायला लागला.

ती असेपर्यंत हे चाललं. ती प्रभूघरी गेली, शिंपी मुलीकडे राहायला गेला आणि खोलीत कुणाकुणाचं सामान भरलं. मी कपाटामागे आहे, तोंड भिंतीकडे करून. दुपार झाली, की कट्ट्यावर ऊन आलं असेल, या विचाराने जीव कासावीस होतो.

मित्रांनो, माझ्यात स्वतःचा उजेड कधीच नव्हता. मिळेल तो घ्यावा आणि पुढे धाडावा, एवढंच मला येतं. पण त्यासाठी कुणीतरी मला पुसून उन्हात ठेवायला हवं. जमेल तेवढ्या लवकर या. समोरून कुलूपवाल्याच्या वाचण्याचा आवाज अजून येतो, पण आता अंधारात त्याचे शब्द फार चुकतात.