चिडीक

खालच्या ओळीतली दाढ मेणात बसवता बसवता तिने मान जराशी डावीकडे वळवली, आणि डोक्याच्या आत, दोन्ही कानांच्या मधोमध, काहीतरी चर्रकन सरकलं. दुखलं नाही. मधला एक क्षण कुणीतरी कात्रीने कापून टाकल्यासारखं झालं, एवढंच. भानावर आली तेव्हा चिमटा रिकामा होता आणि दाढ टेबलावरून घरंगळत जाऊन मेण तापवायच्या दिव्यापाशी थांबली होती.

शेजारी प्लास्टरचे साचे घासत बसलेल्या मालकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"पुन्हा?"

"मान अवघडलीय थोडी."

"मग बाहेर बस जरा. ज्यांच्यासाठी दात करतोय ते इतके दिवस पातळच खाताहेत. आणखी अर्धा तास खातील."

शिक्षण संपल्यापासून ती याच लॅबमध्ये कवळ्या बनवत होती. तिच्या हातून दात पडणं ही तिथे नवलाचीच गोष्ट होती. मालकांनी त्याहून जास्त काही विचारलं नाही, याबद्दल मनातल्या मनात त्यांचे आभार मानत ती मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसली आणि फोन काढला.

फोनवरच्या खेळात 'मुंगूस' असं नाव घेतलेल्या दोस्ताचा निरोप येऊन पडला होता.

"'गडबूळ'. मांडला शब्द. मान्य करतेस की वाद घालतेस?"

"गडबूळ म्हणजे?"

"पाहुणे निघतो निघतो म्हणत दारातच उभे राहतात ना, ती अवस्था."

ती हसली. हसताना डोळे हलले, आणि डोक्यात पुन्हा तेच.

अक्षरं जुळवून शब्द करायचा तो खेळ होता. फोनवर कुणाही अनोळखी माणसाशी खेळता यायचा. त्यात शब्दकोश नव्हता. समोरच्याने शब्द मांडला की आपण 'मान्य' किंवा 'अमान्य' म्हणायचं, बस. मुंगसाने याचा पुरेपूर फायदा घेतला होता. तो नसलेले शब्द मांडायचा आणि त्यांचे अर्थ इतक्या ठामपणे सांगायचा, की नाही म्हणायला जीभ रेटत नसे. तिने स्वतःचं नाव 'कवळी' असं ठेवलं होतं. पहिल्याच डावात त्याने विचारलं होतं, "कवळी म्हणजे वय काय तुझं?"

"वय नाही रे बाबा, दात. मी कवळ्या बनवते."

त्यावर उत्तर आलं होतं, "मी उगाचच पोट आत ओढून बसलो होतो."

तेव्हापासून त्यांची गट्टी जमली. मुंगूस भूगोलाचा शिक्षक होता. किडन्यांनी संप पुकारल्यामुळे ठरल्या दिवशी डायलिसिसच्या मशीनला जखडून पडायचा आणि एका हाताने खेळायचा. पन्नाशीचा होता, टकला होता, आणि घरी त्याच्या म्हणण्याप्रमाणे 'हेडमास्तर' होते. म्हणजे बायको. ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसायची. "दिवसभर लोकांची बोलणी ऐकून येते, त्यामुळे घरी शब्द काढत नाही. मी विनोद केला की 'बरं' म्हणते आणि पंखा पुसायला घेते." कवळीने आपला फोननंबर मुंगसाला देऊन ठेवला होता, पण फोन त्याने कधी केला नव्हता. आवाज ऐकला की मजा जाईल, असं त्याचं मत होतं.

आपल्या गोळ्यांबद्दल तिने त्याला बऱ्याच उशिरा सांगितलं. किडनी म्हटलं की लोकांना कळतं. हे सांगायचं कसं? काही घडलं नव्हतं. कुणी गेलं नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं. एका वर्षी माणसांचे आवाज लांबून आल्यासारखे वाटायला लागले, आणि मग उठून केस विंचरायचं म्हटलं तरी डोंगर उचलायचा असावा तसं. आईने हात धरून डॉक्टरबाईंकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. पुढे एके दिवशी चहात साखर कमी पडली म्हणून ती आईवर चिडली, तेव्हा चिडायचं सोडून आई तोंडाला पदर लावून रडली होती, आनंदाने. पोरगी निदान चिडली तरी!

त्यानंतर दिवस चांगले गेले. आणि मग मावशी आली, डब्यातली पाकिटं पाहून सहज म्हणाली, "अजून चालूच आहे का गं ते?" मावशीच्या मनात काही नव्हतं. पण हिला ते लागलं. आपल्याला तर बरं वाटतंय, मग कशाला? पुढचं पाकीट तिने आणलंच नाही. आईला सांगितलं नाही, डॉक्टरबाईंना तर नाहीच.

आता पायरीवर बसून तिने मुंगसाला लिहिलं, "हसवू नकोस. हसले की डोक्यात वीज चमकते."

"कविता करतेस?"

"खरंच. डोळे फिरवले तरी होतं. आणि घाम. आणि काल रस्त्यात कुत्र्याने जांभई दिली म्हणून मला रडू आलं."

या वेळी उत्तर लगेच आलं आणि त्यात गंमत नव्हती.

"गोळ्या बंद केल्यास का?"

तिने फोन पालथा ठेवला. मग पुन्हा उचलला. "हो."

"डॉक्टरांना विचारून?"

"नाही."

"इथे माझ्या शेजारच्या पलंगावर एक आजी असतात. त्यांनीही असंच केलं होतं, अगदी हेच सांगायच्या. आत्ता फोन कर डॉक्टरांना. मी थांबतो."

"संध्याकाळी करते."

"आत्ता. नाहीतर इथून पुढे तुझा एकही शब्द मान्य करणार नाही. 'घर' लिहिलंस तरी अमान्य."

तिने फोन केला.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्याची तयारी करून बसलेल्या तिला उलट चुकल्यासारखंच झालं. "बंद करायला माझी ना नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही बऱ्या आहातच. पण शरीराला सवय झालीय, त्याला न सांगता काढून घेतलंत. पुन्हा सुरू करू, आणि मग थोडं थोडं उतरवू. महिने लागतील. घाई माझ्याकडून होणार नाही, तुम्हीही करू नका."

गोळी पुन्हा सुरू झाल्यावर डोकं शांत झालं. मग उतरवणं सुरू झालं. पहिली पायरी सोपी गेली. दुसरीला मात्र तिचा कस लागला. विजा परतल्या. रंगीबेरंगी, दमवणारी स्वप्नं पडायला लागली. डब्याचं झाकण निघेना म्हणून ती स्वयंपाकघरात फतकल मारून रडली, आणि काय झालं विचारणाऱ्या आईच्या अंगावर खेकसली. डॉक्टरबाईंनी याची कल्पना दिली होती, याच पायरीवर काही आठवडे थांबू असंही सांगितलं होतं. पण कल्पना असणं वेगळं आणि अंगावरून जाणं वेगळं.

त्या दिवसांत मुंगसाने तिला सोडलं नाही. आधी तो मशीनवर असतानाच खेळायचा. आता केव्हाही असायचा, सकाळी, भर दुपारी. तिने लिहावं आणि त्याने तिथेच बसून असावं. त्याचा नूरही जरा बदलला होता. फुशारकी कमी झाली होती. पूर्वी तो भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरायचा, आता तिचं ऐकून घ्यायचा आणि मग अगदी कोरडेपणाने असं काही लिहायचा, की तिला उशीत तोंड खुपसून हसावं लागे.

"झाकण उघडत नाही," तिने लिहिलं होतं.

"अर्ज करा. सोबत झाकणाचा फोटो जोडा. आमचा माणूस येऊन पाहून जाईल आणि तोही उघडणार नाही."

तिच्या डोक्यातल्या विजेला त्याने शब्दही दिला. एके सकाळी खेळाच्या फळीवर मांडला: 'चिडीक'.

"असा शब्द नाही. अमान्य."

"तुझ्या डोक्यात होतं ते दुसरं काय आहे मग? आवाज ऐक त्याचा. चिडीक."

तिने डोळे मिटून ऐकलं. खरंच तसाच होता. 'मान्य,' तिने दाबलं. नाव मिळाल्यावर त्याची भीती थोडी उतरली. पुढच्या भेटीत ती डॉक्टरबाईंसमोरही बोलून गेली, "चिडीक कमी आहेत या आठवड्यात." बाईंनी अर्थ विचारला, समजून घेतला, आणि तेव्हापासून त्याही विचारायला लागल्या, "चिडीक किती?"

एकदा बोलता बोलता मुंगसाने लिहिलं, "थांब, आत जाऊन येते." आणि थोड्या वेळाने, "आले."

"आले? मग लसूणही आण," तिने लिहिलं.

पलीकडे काहीतरी लिहून दोनदा पुसलं गेलं. मग आलं, "एका हाताने लिहितोय. चुकतं. लसूण महाग आहे."

ती हसली आणि विसरली.

हळूहळू पायऱ्या उतरत गेल्या. स्वप्नं फिकी झाली. एका दुपारी तिने वरच्या आणि खालच्या ओळीतले सगळे दात एका बैठकीत बसवले, कवळी मिटून पाहिली, दातावर दात नीट बसला. मालकांनी ती हातात घेऊन उजेडात फिरवली आणि पुढचं काम तिच्यापुढे सरकवलं. तिला भरून आलं. त्या दिवशी घरी जाताना तिने आईसाठी फुलं घेतली, आणि मुंगसाला लिहिलं, "तू नसतास तर माझं काही खरं नव्हतं."

त्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला. ती मेणाचा हात पुसत खिडकीपाशी गेली.

"कवळी ना?" बाईचा आवाज होता, खालच्या पट्टीतला. "मी… ते ज्यांना हेडमास्तर म्हणतात ना, ती."

"मुंगूस बरा… ते बरे आहेत ना?"

"आज घरी आणलं. आता बरे आहेत. रक्तात संसर्ग झाला होता. बरेच दिवस दवाखान्यात होते. त्यातले पुष्कळ दिवस शुद्धीवर नव्हते."

"बरेच दिवस म्हणजे? आम्ही तर रोज…"

"तेच सांगायला फोन केला." "ती मी होते."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवत होतं. ती बघत राहिली.

"त्यांना आत नेताना म्हणाले, कवळीला कळव, काही दिवस जमणार नाही. मी खेळ उघडला. वरच तुमचा निरोप होता, आज फार वाईट आहे, लवकर ये, असा. मी लिहायला घेतलं की ते आजारी आहेत. लिहिलं, पुसलं. म्हटलं, हिच्या डोक्यावर आणखी हे कशाला? म्हणून एक शब्द मांडला. तुम्ही तो अमान्य केलात."

"मी?"

"हो. आणि मला राग आला. चांगला शब्द होता!"

ती हसली, आणि हसता हसताच तिला एकेक आठवायला लागलं. अर्ज करा. फोटो जोडा. चिडीक.

"म्हणजे आत जाऊन आले, ते…"

"अतिदक्षता विभागात. थोडाच वेळ सोडायचे भेटायला." आवाजात किंचित हसू आलं. "तुम्ही लसूण मागितलात. माझी तर पाचावर धारण बसली, पकडली गेले म्हणून."

"आणि मी तुम्हाला झाकण उघडत नाही म्हणून रडगाणं गात होते. तुम्ही तिथे दवाखान्यात बसलेल्या, आणि मी…"

"अहो, तेवढंच तर होतं मला. येणारा जाणारा प्रत्येक जण विचारायचा, कसे आहेत ते, काय म्हणाले डॉक्टर. एकट्या तुम्ही विचारायचात, कुठे मेलास."

"अरे देवा."

"पहिल्यांदा वाचलं तेव्हा धस्स झालं. मग इतकी हसले दवाखान्यातल्या बाकावर, की नर्स धावत आली. तिला वाटलं, रडतेय. खरं सांगू? लग्नानंतर कधी मी इतकी हसले नव्हते. आमच्या घरी हसवायचं खातं त्यांच्याकडे. माझ्याकडून कुणी अपेक्षाच केली नाही कधी."

लॅबमध्ये पॉलिशचं मशीन घरघरत सुरू झालं, तशी तिने फोन दुसऱ्या कानाला लावला आणि मोकळ्या कानावर हात धरला.

"काल तुम्ही लिहिलंत ना, तू नसतास तर," हेडमास्तर म्हणाल्या. "ते त्यांना म्हणून लिहिलंत. मला राहवेना. वाटलं, आता खरं सांगून मोकळं व्हावं. आठवड्याभरात ते स्वतः खेळायला लागतील. या दिवसांतली तुमची गोष्ट मी त्यांना सांगितली नाही, ती तुमची आहे. पण हात बदलला की तुम्हाला ओळखू आलं असतंच."

"आणि तुम्ही?"

"मला काय! माझं ऑफिस आहे. सोमवारपासून तीच खिडकी." त्या खोटं खोटं घाईने म्हणाल्या. "तुमचा वेळ घेतला. कामात असाल."

"थांबा. ठेवू नका."

तिला खूप काही सांगायचं होतं. आभार मानायचे होते, आणि तो शब्द अगदीच तोकडा वाटत होता. तिने खिडकीजवळचं स्टूल पायाने ओढलं आणि बसली. तेवढ्यात पलीकडून, दूरच्या खोलीतून, एक बसका पुरुषी आवाज आला. तो आवाज तिने आज पहिल्यांदाच ऐकला.

"कोणाशी बोलतेस गं एवढं?"

पलीकडे बांगड्या किणकिणल्या, दार लोटल्याचा आवाज झाला.

"माझ्या मैत्रिणीशी," हेडमास्तर म्हणाल्या. "तुम्ही पडून राहा."

मग आवाज पुन्हा फोनजवळ आला, थोडा धापा टाकत, आणि त्यातलं अहोजाहो कुठल्या कुठे गेलं होतं.

"हं. काय म्हणत होतीस तू?"