पुलावरच्या राक्षसाचं जेवण

टेबल.

बेंगळुरातल्या बसवनगुडीत, मनस्विनीच्या घरी, रविवारी दुपारी, जेवणाच्या टेबलावर एक पूल पसरला होता. शंतनुने सकाळपासून खपून काढलेला. खाली दरी, पलीकडे राजाचा काळा किल्ला, मधोमध वाट अडवणारा मातीचा राक्षस, वीतभर उंच. दर रविवारचा हा पात्रांचा खेळ, गोष्ट बोलत आणि फासे टाकत पुढे न्यायचा, शंतनु चालवायचा. जग त्याचं, राक्षस त्याचे. बाकी तिघं त्या जगातले वाटसरू. गिरीराजचा भैरव कुऱ्हाड चालवायचा. मुग्धाची होती एक चोरटी, ती कुलपं उघडायची. आणि मनस्विनीची चंपा, गावोगाव फिरणारी वैदू, नुसतं बोलायची.

भांडण त्यावरूनच होतं. गिरीराजचं म्हणणं साधं: आठवडाभर हेब्बाळच्या टेक पार्कात मान खाली घालून बसायचं, मग रविवारी तरी फासे टाकून कुणाचं तरी डोकं फुटलंच पाहिजे. मागच्या रविवारी चंपा एका नावाड्याशी गप्पा मारत बसली, गप्पांत दुपार सरली आणि भैरवची कुऱ्हाड कोरडीच घरी गेली. तेव्हाच शेवटी ठरलं ते असं: या रविवारी चंपाने बोलून पूल ओलांडून दाखवायचा. नाही जमलं तर मनस्विनीने चंपाला कायमचा निरोप द्यायचा आणि एखादी तलवारवाली घेऊन यायची.

मनस्विनी हो म्हणाली खरी. पण चंपाला सोडणं तिला परवडणारं नव्हतं. शाळेत नाही, ऑफिसात नाही, ती कुठेच धड तोंड उघडत नसे. जे काही बोलायची ते चंपाच्या तोंडून.

पूल.

वारा. फळ्या करकरतात. राक्षसाने गदा उचलली आहे आणि चंपा…

टेबल.

राक्षसाची सगळी तयारी शंतनुकडे होती: ताकद किती, चामडी किती जाड, कोणत्या गुडघ्याला जुनी जखम. गिरीराज मुठीत फासे घोळवत होता.

"काहून विचार करून राहिली?" तो म्हणाला. "राक्षस आहे तो, तुझा मामा नाही."

मनस्विनीने आठवडाभर एक भाषण पाठ केलं होतं. त्यात न्याय होता, दया होती, राजाचं कर्तव्य होतं. त्यातलं अक्षर आठवेना. मग तिच्या तोंडून तेच निघालं जे तिच्या घरात, कित्येक पिढ्या बेंगळुरात काढून तिथलीच रीत घेतलेल्या घरात, दारात येणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारतात. मग तो जावई असो की गॅसवाला.

पूल.

"अण्णा," चंपा म्हणाली, "जेवण झालं का?"

टेबल.

मुग्धा फिसकन हसली. शंतनु अडकला. त्या टेबलाचा एक नियम होता, त्यानेच घातलेला: पात्राने पात्राला विचारलं की पात्रानेच उत्तर द्यायचं, लगेच, आणि दिलेलं उत्तर मागे घ्यायचं नाही. त्याने राक्षसाचा घोगरा आवाज लावला. उत्तर मात्र त्याच्या स्वतःच्या पोटातून आलं. पुलाच्या नादात त्याने चहाखेरीज काही घेतलं नव्हतं.

"नाही," राक्षस म्हणाला. "सकाळपासून नाही."

शंतनुने जीभ चावली. आता चावून काय उपयोग? त्या जगात राक्षस उपाशी होता, आणि ते खरं होतं.

लढाई.

अजून नाही.

पूल.

चंपाने पुलावरच मांडी घातली, गदेच्या ऐन टप्प्यात, आणि गाठोडं सोडलं. सोडता सोडता ती विचारत गेली. डबा कुठून येतो? कुठून येत नाही. पाळी बदलायला कोण येतं? यायचा होता एक, आला नाही. किल्ल्यातलं कुणी डोकावतं तरी? राक्षसाने मान हलवली. चोरटीने कमरेची भाकरी काढून मुकाट्याने पुढे केली.

"इथून त्यांचे दिवे दिसतात," राक्षस म्हणाला. "फोडणीचा वास येतो. आत कुणी बोलवत नाही."

आवाजातला घोगरेपणा कधीच गेला होता. पुण्याहून येऊन राजाजीनगरात एकटा राहणाऱ्या शंतनुचा आवाज होता तो.

राक्षस जेवला. चंपाने वाट मागितली नाही.

"स्वल्प पाणी प्या आणि उठा," ती म्हणाली. "आपण आत जाऊ. तुम्हाला उपाशी कुणी ठेवलं ते समोर उभं राहून विचारू."

टेबल.

शंतनु भानावर आला. राक्षसाने राजाला शब्द दिलेला आहे, तो असा मोडायचा म्हणजे फासा टाकावाच लागेल, असं त्याने सांगितलं आणि फासा मनस्विनीपुढे सरकवला. मनस्विनीच्या हाताला कधी धड आकडा लागत नसे. सगळ्यांना माहीत होतं.

गिरीराजने फाशावर पंजा ठेवला.

"फासा कशाला?" तो म्हणाला. "येतो तो. मी असतो तर आलो असतो."

शंतनुने मान डोलावली. गिरीराज खुर्चीतून उठला. आजवर 'मारतो' याखेरीज शब्द न बोललेल्या भैरवने घसा साफ केला.

"भाऊ," भैरव राक्षसाला म्हणाला, "किल्ल्याच्या दरवाजाची डावी बिजागरी तुझी. उजवी माझी."

लढाई.

आता.

आता फासेच फासे. टेबलावर, टेबलाखाली, लोणच्याच्या बरणीमागे. चौघंही उभे. खिळे उडाले, अडसर वाकला, कुऱ्हाड बसली, गदा बसली, शंतनु आकडे वाचेना झाला, कारण तो स्वतःच 'आणखी एक, आणखी एक' म्हणत होता. काळा दरवाजा चौकटीसकट मागे कोसळला आणि धूळ किल्ल्याच्या शिखरापर्यंत गेली.

त्या धुळीतून सगळ्यात आधी आत शिरली ती चंपा. हात रिकामे. समोर भाले रोखलेले शिपाई. मनस्विनीचा आवाज घरभर घुमला, बाहेर रस्त्यावरही गेला असेल.

"मुदपाकखाना कुठे आहे?"