विरोधाची खुर्ची

पट्टीच्या खालच्या कडेला, जिथे गोलाई सुरू होत होती तिथे, मोहरीएवढा बुडबुडा होता. समोरून पाहिला तर तो दिसत नव्हता. पट्टी दिव्याखाली तिरकी धरली की गोंदाच्या थरात एक बारीक चमक उमटे, आणि बोटाने दाबलं की ती चमक बाजूला सरके, पण जात नसे. नन्नाबाईंनी भिंग खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. बुडबुडा होताच.

ही पट्टी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या छातीवर चिकटवण्यासाठी होती. श्वासाबरोबर छाती हलते, पट्टी ताणली जाते आणि खाटेच्या टोकाला लावलेल्या डबीवर हिरवा दिवा लागतो. श्वास थांबला की दिवा लाल होतो आणि डबी ओरडू लागते. तारा नाहीत, अवजड यंत्र नाही, गरीब इस्पितळालाही परवडेल अशी किंमत. कल्पना खरोखर सुंदर होती. पण त्वचा ओलसर असली की बुडबुडा वाढत जाई, पट्टीची कड सुटे, आणि सुटलेली कड पंख्याच्या वाऱ्याने किंवा शेजारच्या पंपाच्या थरथरीने स्वतःच हलू लागे. डबीला तो श्वास वाटे. यंत्राने श्वास चालू असताना उगाच आरडाओरडा केला तर नर्स वैतागते, एवढंच. हे यंत्र दुसऱ्या बाजूला चुकत होतं, श्वास थांबला तरी दिवा हिरवाच ठेवत होतं.

बाई ज्या संस्थेत होत्या ती नव्या कंपन्यांमध्ये भांडवल गुंतवत असे. बाईंच्या नवऱ्याने आणि धाकट्या दिराने मिळून ती काढली होती. नवरा गेल्यावर त्याची जागा बाईंकडे आली आणि कारभार दिराकडे, म्हणजे भाऊजींकडे. सुरुवातीच्या काळात एका कंपनीत सगळ्यांनी एकमताने पैसे ओतले होते आणि ती कंपनी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बुडाली होती. दुधाने तोंड पोळलं तसे भाऊजी ताकही फुंकून पिऊ लागले. त्यांनी नियम केला. प्रत्येक बैठकीत एकाने विरोधाच्या खुर्चीत बसायचं. मनात काहीही असो, प्रस्तावाच्या चिंधड्या उडवायच्या. त्याचं खरं मत काय, हे कुणी विचारायचं नाही आणि त्यानेही सांगायचं नाही. त्या खुर्चीत बसलेल्याला त्या दिवशी मत नाही.

आधी ती खुर्ची आळीपाळीने फिरायची. पण बाई पदार्थविज्ञान शिकलेल्या, कशातही नेमकी भेग शोधणाऱ्या, आवाज न चढवता बोलणाऱ्या. हळूहळू खुर्ची त्यांच्याच नावाची झाली आणि त्यांचं नाव नन्नाबाई पडलं. "चला, नन्नाचा पाढा ऐकू या," असं म्हणतच बैठक सुरू व्हायची.

पट्टी बनवणारी कंपनी बाईंच्या भाचीची होती. बहीण गेल्यावर बाईंनीच वाढवलेली चिमी. म्हणून बैठकीच्या आधी भाऊजी स्वतः बाईंच्या खोलीत आले.

"वहिनी, पोर आपल्या घरातली. तुम्ही मत दिलंत तर लोक म्हणतील, आंधळा दळतोय आणि घरचेच खातायत. तुम्ही आपल्या खुर्चीत बसा. म्हणजे कुणी बोट दाखवायला नको."

बाई खुर्चीत बसल्या. येताना त्यांनी कोमट पाण्याने भरलेली रबरी पिशवी आणली होती. ती टेबलावर ठेवून तिच्यावर त्यांनी पट्टी चिकटवली, कडेखालून ओलं बोट फिरवलं आणि टेबलपंखा चालू केला. डबीवर हिरवा दिवा लागला.

"ही पिशवी श्वास घेते आहे," बाई म्हणाल्या. "निदान ही पट्टी तरी तसं म्हणते आहे."

मग बँकेतून निवृत्त होऊन इथे आलेले, ज्यांना सगळे बँकवाले म्हणत, त्यांनी टाळी वाजवली.

"वा! बाई, आज कमाल केलीत. सख्ख्या भाचीलाही सोडलं नाहीत की हो!"

"मला तर क्षणभर खरंच वाटलं," वकीलबाई म्हणाल्या आणि हसल्या.

सगळेच हसले. बाईही हसल्या. 'हे खरंच आहे' एवढेच शब्द त्यांच्या ओठांवर आले होते. ते त्यांनी गिळले, आणि गिळताना मनाशी म्हटलं, मी सांगितलं तर आहे. सगळ्यांसमोर, प्रयोग करून सांगितलं आहे. ऐकणाऱ्यांनी काय ऐकावं हे माझ्या हातात थोडंच आहे? खोट्या माणसाला न मिळणारी एक सोय त्यांना मिळाली होती. खरं बोलायचं आणि त्याचा परिणाम होऊ द्यायचा नाही. प्रस्ताव मंजूर झाला. दोन इस्पितळांत पट्ट्या लावून पाहायचं ठरलं. संध्याकाळी चिमीने येऊन मावशीच्या गळ्यात हात टाकले तेव्हा बाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि विचारलं, "गोंदाचं बघते आहेस ना?"

"बघते गं," चिमी म्हणाली.

थंडी सरताना बातमी आली. त्या दोनांपैकी एका इस्पितळात एक बाळ गेलं होतं. बाई स्वतः तिथे गेल्या. कक्षात काचेच्या पेट्यांची रांग होती, औषधी साबणाचा वास होता, आणि कोपऱ्यातला पंप अखंड घरघरत होता. तिथल्या नर्सने बाईंना कंपनीचं माणूस समजून आधी उत्तरच दिलं नाही. मग दाराशी गाठून ती हळूच म्हणाली, "दिवा हिरवा होता हो. आम्ही दिव्याकडे बघत होतो. एरवी बाळाकडे बघतो."

कंपनीने कळवलं की बाळ आधीच फार अशक्त होतं, त्याच्या मृत्यूचा पट्टीशी संबंध सिद्ध होत नाही. वाक्य खोटं नव्हतं. विज्ञान शिकलेल्या बाईंना ते खोडून काढता येत नव्हतं, म्हणूनच ते त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. आणि आता दुसरी बैठक लागली होती. पट्ट्या आणखी बऱ्याच इस्पितळांत पोचवायच्या होत्या, त्यासाठी मोठं भांडवल हवं होतं.

बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी बाई चिमीच्या कारखान्यात गेल्या. कारखाना म्हणजे एका छापखान्याच्या वरचे दोन हॉल. खालची यंत्रं चालू झाली की वरची फरशी थरथरायची. टोप्या घातलेल्या मुली पट्ट्यांवर गोंदाचा थर ओढत होत्या. खिडकीपाशी चाचणीची रबरी बाहुली आडवी होती. तिच्या पोटात पंप होता आणि तिची छाती वरखाली होत होती. तिला सगळे ठकी म्हणत.

"ठकी बरी आहे ना?" बाईंनी विचारलं.

"ठकीला काय धाड भरली आहे? खात नाही, पीत नाही, पगार मागत नाही. आमच्यातली सगळ्यात गुणी तीच." चिमी हसली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "मावशी, गोंद बदललाय आम्ही. बघ."

तिने ठकीच्या छातीवर नवी पट्टी दाबून बसवली. हिरवा दिवा लागला. तिने पंप बंद केला. ठकीची छाती खाली बसली, दिवा लाल झाला आणि डबी ओरडली. गोंद ओढणाऱ्या मुलींपैकी एकीने वर पाहिलं.

"बघितलंस?"

"आता ओली कर तिला."

"मावशी..."

"बाळं घामेजतात, चिमे. ओली कर."

चिमीने फडकं भिजवून ठकीच्या छातीवर फिरवलं आणि दुसरी पट्टी लावली. पंप चालू केला. दोघी वाट पाहत उभ्या राहिल्या. खाली छापखान्यात कुठलं तरी यंत्र सुरू झालं. मग चिमीने पंप बंद केला. ठकीची छाती खाली बसली. दिवा हिरवाच राहिला. दोघी त्याच्याकडे पाहत राहिल्या, आणि शेवटी चिमीनेच डबीचं बटण दाबून तो विझवला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तुला माहीत आहे तेव्हापासून. तू बैठकीत दाखवलंस ते कळलं होतं मला." तिने फडकं पिळलं, पुन्हा पिळलं. "मला वाटलं, मावशीला खरंच एवढं वाटत असतं तर तिने अडवलं असतं. तुझ्या हातात होतं ना ते? तू नाही अडवलंस, म्हणजे एवढं काही नसणार."

बाई जवळच्या स्टुलावर बसल्या.

ते खरंच त्यांच्या हातात होतं. संस्था काढताना दोन्ही भावांनी लिहून ठेवलं होतं, दोघांपैकी कुणीही एकट्याने नाही म्हटलं तर पैसा जाणार नाही. नवऱ्याचा तो हक्क बाईंकडे आला होता. तो त्यांनी कधीच वापरला नव्हता. वापरायचा तर विरोधाच्या खुर्चीतून उठून नवऱ्याच्या जागी बसावं लागलं असतं.

"पैसे आले की पहिलं काम गोंदाचंच," चिमी घाईघाईने म्हणाली. "चांगली प्रयोगशाळा गाठते. पण पैसे आले नाहीत तर कुलूपच. या पोरींना काय सांगू?"

"आणि गोंद सापडेपर्यंत?"

"नर्सना सांगू, कड तपासत राहा म्हणून."

"कड तपासायची तर बाळच का बघू नये? दिवा कशाला हवा?"

खिडकीच्या काचेवर चिमीने बोटाने एक रेघ ओढली आणि पुसली. मग पाठमोरीच म्हणाली, "मावशी, उद्या तूच बस त्या खुर्चीत. बाळाचंही बोल, काही लपवू नकोस. तुझा विरोध पचला की कुणाला शंका राहत नाही. बँकवाले काका तर म्हणतात, बाईंनी धुतलेलं कापड पुन्हा धुवावं लागत नाही."

बाईंनी आयुष्यात पुष्कळ वाईट निष्कर्ष पाहिले होते. इतका स्वच्छ कधी पाहिला नव्हता. आपण जे जे खरं बोललो होतो, ते पट्टीच्या बाजूने मोजलं गेलं होतं.

सकाळी बैठकीची खोली नेहमीसारखी होती. लांब टेबल, पाण्याचे पेले, खिडकीकडे तोंड करून ठेवलेली विरोधाची खुर्ची. टेबलाच्या वरच्या टोकाला भाऊजी, आणि त्यांच्या उजवीकडे बाईंच्या नवऱ्याची जागा. तिच्यावर वर्षानुवर्षं फायली ठेवल्या जात. चिमीने आपलं सांगून झाल्यावर बाहेर जायचं होतं, पण भाऊजी म्हणाले, "थांब गं पोरी. मावशी तुझी कशी सालं काढते ते एकदा बघ तरी."

"चला, नन्नाचा पाढा होऊन जाऊ दे," बँकवाले म्हणाले आणि मागे रेलले.

बाई खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मी आज इथे बसणार नाही."

"अरे वा! सुरुवातच अशी!" बँकवाल्यांनी वकीलबाईंकडे पाहून भुवया उडवल्या. "आज काहीतरी नवा डाव आहे."

बाई टेबलाला वळसा घालून वरच्या टोकाला गेल्या. नवऱ्याच्या जागेवरच्या फायली त्यांनी उचलल्या आणि खाली फरशीवर ठेवल्या. खुर्चीवर धूळ होती. ती त्यांनी पदराने पुसली आणि त्या बसल्या. बँकवाले अजून हसत होते, पण त्यांचं हसू कुठे ठेवावं ते त्यांना कळेना. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.

"वहिनी," भाऊजी हळू आवाजात म्हणाले, "तिथून बोललात तर ते खरं धरावं लागेल."

"गेल्या वेळीही खरंच होतं, भाऊजी."

"गेल्या वेळी?" भाऊजींनी त्यांच्याकडे पाहिलं. पिशवी, पंखा, हिरवा दिवा, टाळी, हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून एकामागून एक सरकलेलं बाईंना दिसलं. "मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोलले. मत नसलेल्या जागेवरून बोलले. ती जागा मला सोयीची होती."

भाऊजींनी खुर्ची जवळ ओढली. आता ते फक्त बाईंना ऐकू जाईल असं बोलत होते. "आपण नाही म्हटलं तर तिला दुसरं कुणी दारात उभं करणार नाही. कंपनी गेली, नाव गेलं. आणि त्या बाळाचंही सगळं उकरून निघेल. ते तिच्या एकटीच्या नावावर लागेल, तुमच्या माझ्या नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. आठवडाभर थांबा. शांतपणे काही मार्ग काढू."

आठवडाभर. बाईंना त्या कक्षातली काचेच्या पेट्यांची रांग आठवली. तिथे पट्ट्या आजही लावलेल्या होत्या, आणि या क्षणी कुणीतरी हिरव्या दिव्याकडे पाहून पुढे निघून जात असणार.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला चिमी उभी होती. तिला सगळं कळलं होतं. लहानपणी ताप आला की ती जशी पाहायची तशी ती पाहत होती, मावशी काहीतरी करेल अशा नजरेने.

"मावशी," ती म्हणाली. "नको ना."

बाईंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि एकमेकांत गुंतवले. नजर मात्र त्यांनी चिमीवरून हलवली नाही.

"माझा नकार आहे," त्या म्हणाल्या. "पैसे जाणार नाहीत. आणि लावलेल्या पट्ट्या आजच्या आज काढून घ्यायच्या."