हंड्याचा गळा

गावाला वेस होती आणि दिवेलागणीला वेशीचा दरवाजा लागायचा, त्या काळातली गोष्ट. तांबटांच्या गल्लीत दिवसभर ठकठक चाले. तिथली माणसं बोलत ती तोडकं. दोन ठोक्यांच्या फटीत मावेल तेवढंच. अशा घरात कथेकऱ्याची लेक सून होऊन आली. तिच्या माहेरी गोष्टीत नुसती पहाट व्हायलाच घटकाभर लागे.

सासूबाई गेल्या आणि सासऱ्यांनी हातोडी खाली ठेवली. भिंतीला पाठ लावून बसत, जेवायपुरते उठत. अर्धे कान कामानं नेले होते, उरलेले त्यांनी स्वतःच मिटले. कामाला नवरा बसे, पण हंड्याचा गळा काही त्याला साधेना. बिनगळ्याचे हंडे कोपऱ्यात आ वासून पडलेले.

"मामंजींना गोष्ट सांगून बघू?" सुनेनं नवऱ्याला विचारलं.

"बघ बापडी. मी काही ठोकायचा थांबणार नाही."

ती सासऱ्यांच्या कानाशी बसली. "एका किल्ल्याला वेढा पडला होता. पूर्वेला केशराचा सडा, बुरुजांवर दवाचे मोती, त्या मोत्यांत..."

ठक.

"त्या मोत्यांत सूर्याची..."

ठक.

"कोण गेलं?" सासऱ्यांनी विचारलं.

"कुणी नाही, मामंजी. पहाट होतेय."

"अजून? झाली की उठव मला."

नवरा हसू दाबत पत्र्यावर वाकला. सून फुरंगटून आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बसली. केशर पुसलं, मोती वेचून बाजूला ठेवले. जिवावर आलं, वडिलांची पहाट होती ती.

"किल्ल्यातलं पाणी संपलं." ठक. "विहीर दरवाजाबाहेर." ठक. "शत्रूचा डोळा लागलेला." ठक. "एक बाई हंडा घेऊन निघाली."

सासऱ्यांनी डोळे उघडले. "कसला हंडा?"

चांगली ओवीभर हंड्याची शोभा तिच्या ओठांवर आली होती. तिनं ती गिळली. "तुम्हीच सांगा."

"गळा रुंद होता?"

"असेल."

"असेल काय! रुंद गळ्यातून पाणी डुचमळतं. शत्रू जागा होईल की!" ते सरसावून बसले. "गळा अरुंद हवा. काठ बाहेर वळलेला. तुझी सासू म्हणायची, काठ असा हवा, की त्यानंच आपला हात धरलाय असं वाटावं."

सासूचं नाव त्या घरात किती दिवसांनी निघालं! नवऱ्याची हातोडी हवेतच राहिली.

"दे इकडे," सासरे त्याच्यावर खेकसले. "बाई तिकडे विहिरीवर उभी, आणि तू बघतोस काय!"

कोपऱ्यातला एक हंडा उचलला गेला. पहिला ठोका चुकला. दुसरा बसला. मग तांबं त्यांचं ऐकू लागलं.

गळा आकाराला येता येता, मान वर न करता त्यांनी विचारलं, "पोचली का गं?"

सुनेजवळ अख्खी तटबंदी होती, पेटत्या मशाली होत्या, चांदणंसुद्धा होतं. फटीत मावेल तेवढंच तिनं दिलं.

"पोचली."