सात मिनिटांचं वाचन

आठव्या मिनिटाला दारावर टकटक झाली.

"जावईबापू, वाचून दाखवा."

आत जावयाने श्वास रोखून धरला.

(आधी नियम सांगायला हवा, नाहीतर ही टकटक उगाच आगाऊ वाटेल. घरात माणसं सहा, संडास एक. सासरे निवृत्त ग्रंथपाल. आत वाचायला त्यांची ना नव्हती, पण काय वाचायचं ते तेच ठरवणार. कादंबरी नको, माणूस बाहेरच येत नाही. वर्तमानपत्र नको, माणूस बाहेर येतो तो भांडतच. कविता ठेवून पाहिल्या, तर मेव्हणी आत झोपली. शेवटी एका रहस्यकथेचे चौदा तुकडे केले, प्रत्येक तुकडा सात मिनिटांचा. ते मेणकापडात बांधले जावयानेच, कारण पुस्तकबांधणी हा त्याचा धंदा. सात मिनिटं उलटली की आतल्याने मोठ्याने वाचून दाखवायचं. म्हणजे स्वारी वाचतेय, पेंगत नाही, हे बाहेरच्यांना कळतं.)

आज जावयाच्या हातात तुकडा नव्हता, पत्र होतं. दुसऱ्या गावच्या छापखान्याचं. बांधणी विभाग सांभाळायला या, राहायला दोन खोल्या देतो, आज अकराच्या आत फोनवर होकार कळवा. चार दिवस ते खिशात चुरगळत होतं. या घरात आतून कडी लागेल अशी जागा एवढी एकच. आणि आता अकराला बारा मिनिटं कमी.

"जावईबापू!"

"वाचतो, वाचतो. पाचवा तुकडा. 'माळ्याने कंदील खाली ठेवला आणि विहिरीत डोकावून पाहिलं.'"

"पुढे?"

पुढे? क्रम लावताना बांधणारा प्रत्येक तुकड्याची पहिली ओळ बघतो आणि शेवटची. मधलं कोण वाचतो!

"'...म्हणून डॉक्टरने खिडकी उघडीच ठेवली.'"

"मधली बारा पानं गिळलीत की काय?"

मेव्हणी खिदळली. "भावजी, माळी विहिरीत पडला का हो?"

"तुम्ही गप्प बसा जरा!" तो आतून म्हणाला.

"मी गप्पच आहे. पण मला आंघोळीला जायच्या आधी इथेच जायचंय."

त्याने अंगठ्याने फोनवर आकडे दाबले. पुसले. पुन्हा दाबले. काय सांगणार होता? येतो म्हणावं तर बायकोला अजून विचारलंही नव्हतं. येत नाही म्हणावं तर आणखी दहा वर्षं सासऱ्यांच्या पुस्तकांच्या कपाटांमधल्या फटीत गादी टाकायची, आणि कूस बदलायची ती त्यांच्या पुस्तकांना धक्का न लावता.

"हातात काय आहे ते वाचा," ग्रंथपाल म्हणाले. आवाजात थट्टा उरली नव्हती. "जे असेल ते."

मग त्याने वाचलं. 'स. न. वि. वि.' पासून सहीपर्यंत, एका सुरात, जणू पंधरावा तुकडा.



"दोन खोल्यांचं परत वाचा," हा बायकोचा आवाज. ती कधीपासून उभी होती कोण जाणे.

"'कुटुंबासह राहण्यास दोन खोल्या, स्वतंत्र संडास.'"

"किती दिवस झाले हे येऊन?"

"चार."

"चार दिवस! आणि मला इथे दाराबाहेर उभं राहून कळतंय?"

"विचारणारच होतो. बाहेर येतो, मग नीट बसून बोलू."

त्याने आतली कडी काढली. दार ढकललं. हललं नाही. पुन्हा ढकललं.

"अगं, बाहेरून कडी लागलीय."

"मी लावलीय. तुम्ही बाहेर आलात की आधी चहा घ्याल, मग बाबांचं तोंड बघाल, आणि अकरा वाजून जातील. मला माहीत नाही का तुम्ही? आतूनच लावा फोन."

"अगं पण बाबा..."

"बाबा इथेच आहेत. ऐकतायत."

सासऱ्यांच्या चपला दाराच्या खालच्या फटीपाशी सरकल्या. 

अकराला तीन मिनिटं कमी. त्याने फोन लावला, पलीकडे उचलला गेला.

"हॅलो, कोण? जरा मोठ्याने बोला, आवाज घुमतोय."

जावयाने भिंतीला पाठ टेकली. "पत्र मिळालं," तो म्हणाला.  "येतो. आम्ही दोघं येतो."

पलीकडचा माणूस खूश होऊन काहीबाही बोलत राहिला. कडी मात्र निघाली नाही.

"तारीख विचारा," बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला, अगदी दाराला ओठ टेकल्यासारखा. "नीट विचारून घ्या, कधीपर्यंत या घरात आहात ते."